सिगारेट सोडताना: केसपेपर, गम आणि पहिले पंधरा दिवस

सिगारेट सोडायचीय, हे सरकारी दवाखान्यात नक्की कुणाला सांगायचं, इथंच बहुतेकांचं घोडं अडतं. ताप असेल तर ओपीडी, दात दुखत असेल तर दंतविभाग. पण ‘सिगारेट’ म्हटल्यावर केसपेपरच्या खिडकीतला माणूसही घटकाभर विचारात पडतो. अशा वेळी ‘असंसर्गजन्य आजार कक्ष’ किंवा नुसतं ‘एनसीडी’ म्हणायचं. बीपी-शुगर जिथं तपासतात तोच हा कक्ष, आणि तंबाखूची नोंदही तिथंच होते. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली तंबाखूमुक्ती केंद्र असतं आणि समुपदेशक असतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तो रोज भेटेलच असं नाही, त्याचा वार ठरलेला असतो. आदल्या दिवशी फोन करून वार विचारून घ्या, नाहीतर एक सकाळ फुकट जाते.

पैशांचं म्हणाल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत. खेड्यात राहत असाल तर सुरुवात याहून जवळ होऊ शकते. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ नावाचा फॉर्म भरतात. त्यात तंबाखूचा प्रश्न वरच असतो: कधीच नाही तर शून्य, पूर्वी होती किंवा अधूनमधून असेल तर एक, रोज असेल तर दोन गुण. वय, कंबरेचा घेर, दारू, व्यायाम आणि घराण्यातले आजार धरून बेरीज चारच्या वर गेली की तपासणीसाठी उपकेंद्रात आधी बोलावतात. फॉर्म भरताना आशाताईंना खरं सांगा. बायको शेजारी उभी आहे म्हणून ‘कधीमधी’ म्हटलं, तर पुढचं सगळं गणित त्या खोट्या उत्तरावर उभं राहतं.

मी गेलो तो नोव्हेंबरात, दिवाळी उरकल्यावर. साडेनऊला रांगेत उभा राहिलो, डॉक्टरांसमोर बसायला साडेअकरा वाजले आणि डॉक्टरांचा वेळ मिळाला दोन-तीन मिनिटं. एवढ्यात काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण या दोन-तीन मिनिटांचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे. लंडनमधल्या २८ फॅमिली डॉक्टरांच्या दोन हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पेशंटांवरचा हा अभ्यास १९७९ साली छापून आला. काहीच न केलेल्या गटात वर्षभर सिगारेट सुटलेली राहिली ०.३ टक्के लोकांची. डॉक्टरांनी नुसतं ‘सोडा’ म्हटलं त्या गटात हे प्रमाण ३.३ टक्के होतं. सल्ल्याबरोबर माहितीचं पत्रक देऊन ‘पुन्हा विचारणार आहे’ असंही बजावलं, तिथं ५.१ टक्के. आकडे लहान दिसतात, पण ते दोन मिनिटांच्या बोलण्याचे आहेत, त्यात औषध नाही. आणि यातला ‘पुन्हा विचारणार आहे’ हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे अडचण अशी की डॉक्टर विचारतीलच याची खात्री नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, वर्षभरात आरोग्यसेवकाकडे जाऊन आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांनाच सोडण्याचा सल्ला मिळालेला होता. म्हणजे निम्म्यांना कुणी काही बोललंच नाही. तेव्हा वाट न बघता बसल्याबसल्या आपणच सांगून टाकायचं: “डॉक्टर, सिगारेट सोडायचीय, औषध आणि तारीख दोन्ही लिहून द्या.” खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर त्याच वेळी तेही सांगा. थुंकीची तपासणी तिथंच होते आणि टीबी असेल तर तो आधी कळलेला बरा.

तिथून समुपदेशकाकडे. पहिला प्रश्न असा आला:

“काका, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळानं?”

“चहाबरोबर.”

“चहा किती वेळानं?”

हा प्रश्न चौकशीखातर विचारलेला नसतो. फागरस्ट्रॉम नावाची सहा प्रश्नांची, दहा गुणांची चाचणी आहे आणि त्यात सगळ्यात वजनदार प्रश्न हाच. उठल्यापासून पाच मिनिटांत पेटवत असाल तर तीन गुण, अर्ध्या तासात दोन, तासाभरात एक, त्यानंतर शून्य. दुसरा वजनदार प्रश्न दिवसाच्या संख्येचा: दहापर्यंत शून्य, वीसपर्यंत एक, तीसपर्यंत दोन, त्यापुढे तीन. वेळ नसेल तर या दोन प्रश्नांवरही काम भागतं. कारण साधं आहे. निकोटीनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं, म्हणजे रात्रभरात टाकी रिकामी झालेली असते. जो सकाळी ताबडतोब पेटवतो त्याचा मेंदू निकोटीनला जास्त सरावलेला असतो, म्हणून त्याला औषधाचा डोस जास्त लागतो. विडी ओढणाऱ्यांनी ‘विडीच तर आहे’ म्हणून संख्या कमी सांगू नये. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. घरीदारी एकच वाक्य ऐकू येतं: ‘मनावर घेतलं की सुटते.’ २०११ साली या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला आणि त्यातून उलगडलं ते असं: माणूस सोडायचा प्रयत्न करतो की नाही, हे त्याच्या इच्छेवर ठरतं, पण केलेला प्रयत्न टिकतो की नाही, हे इच्छेवर फारसं ठरत नाही, ते निकोटीनची पकड किती घट्ट आहे यावर ठरतं. मनावर घेतल्यानं माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत येतो. पुढचं काम योग्य डोस, पहिल्या पंधरा दिवसांतला पाठपुरावा आणि घर-टपरी-मित्र यांच्या बंदोबस्ताचं. ज्यांची तीनदा-चारदा सोडून पुन्हा सुरू झाली, त्यांनी स्वतःला कमकुवत म्हणवून घ्यायचं थांबवलं तरी चालेल. बहुतेकदा त्यांचा डोस कमी पडलेला असतो.

समुपदेशकानं पुढं तारीख मागितली. ‘कमी करत करत सोडतो’ हे उत्तर जवळजवळ प्रत्येक जण देतो. इंग्लंडमध्ये प्राथमिक आरोग्यसेवेतल्या ६९७ जणांवर झालेल्या प्रयोगात (निकाल २०१६ चा) एका गटानं ठरल्या दिवशी एकदम सोडली, दुसऱ्यानं दोन आठवडे कमी करत सोडली. औषध आणि आधार दोघांनाही सारखाच. चार आठवड्यांनी पहिल्या गटातले ४९ टक्के टिकून होते, दुसऱ्यातले ३९. सहा महिन्यांनी २२ आणि १५.५. ज्यांना स्वतःला हळूहळूचाच मार्ग हवा होता, त्यांनाही एकदम सोडल्यावरच जास्त फायदा झाला. तेव्हा तारीख एकच धरा, आठ-पंधरा दिवसांच्या आतली, आणि त्या आठवड्यात लग्न, जत्रा, ऑडिट असलं काही येत नाही हे बघून. पहिली फेरतपासणी त्या तारखेपासून आठवड्याच्या आत पडेल अशी लगेच मागून घ्या आणि केसपेपरवर लिहून घ्या. तोंडी ‘या पुढच्या आठवड्यात’ला काही अर्थ नसतो.

स्पायरोमेट्रीची, म्हणजे नळीत फुंकायची सोय असेल तर ती करून घ्या आणि निकाल ‘फुप्फुसाचं वय’ या भाषेत सांगायला सांगा. हर्टफर्डशरमधल्या पाच दवाखान्यांत ५६१ जणांची ही तपासणी केली होती. ज्यांना ‘तुमचं फुप्फुस अमुक वर्षांच्या माणसासारखं आहे’ असं सांगितलं, त्यांच्यातले १३.६ टक्के वर्षानंतर सिगारेटमुक्त होते. ज्यांना कच्चे आकडे दिले त्यांच्यात ६.४.

मधल्या दिवसांत करायची कामं किरकोळ वाटतात पण तीच पुढं नडतात. टपरीची उधारी चुकती करा. वही उघडी राहिली की आठवड्याला तिकडं जावंच लागतं, आणि गेलं की ‘बसा की, घ्या’ आलंच. घरातला, गाडीच्या डिकीतला, ऑफिसच्या खणातला, स्वेटरच्या खिशातला माल शोधून पाण्यात भिजवून टाका. नुसता कचऱ्याच्या डब्यात टाकलेला रात्री अकराला परत निघतो. लायटर आणि ॲशट्रे घराबाहेर. पांघरूण, जॅकेट, गाडीचं सीटकव्हर धुऊन घ्या. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी-विड्या विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. टपरीवर ती किती पाळली जाते हे टपरीवर जाणाऱ्यांना सांगायला नको. पण ही सुटी सिगारेटच सगळ्यात घातक, कारण ‘एकच’ घेता येते. पाकीटच घ्यावं लागलं असतं तर निम्मे जण तिथंच थबकले असते.

औषधांकडे वळू. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत २०२२ साली निकोटीनचा समावेश झाला, तरी स्टोअरमध्ये माल आहे की नाही हे त्या दिवसावर असतं. नसेल तर चिठ्ठीवर ‘बाहेरून’ लिहून मिळतं. दोन मिलिग्रॅमचा गम, म्हणजे निकोटीन घातलेला च्युइंगम, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो, चार मिलिग्रॅमला चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली पेटत असेल तर चारचा, नाहीतर दोनचा. आमच्याकडे एक गम साधारण दहा-बारा रुपयांना पडायचा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला निदान नऊ. सातव्या ते नवव्या आठवड्यात दोन ते चार तासांनी. दहाव्या ते बाराव्यात चार ते आठ तासांनी. चोवीसच्या वर एका दिवसात नाही. म्हणजे सुरुवातीला दिवसाचे शंभर रुपये बाजूला काढावे लागतात. इथंच चुकतं. माणूस पैसे वाचवायला दिवसाला तीन गम खातो, तलफ भागत नाही, आणि आठवड्यानं सांगतो, ‘गमचा काही उपयोग नाही.’

गम चावायचीही पद्धत आहे आणि मेडिकलवाला ती सांगत नाही. सावकाश दहा-पंधरा वेळा चावायचा. तिखट लागलं, जिभेला झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. मिनिटभरानं झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडा चावायचा आणि दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असं अर्धा तास. कारण निकोटीन तोंडातल्या आवरणातून रक्तात जायला हवं. गिळलेलं बहुतेक यकृतात मोडून जातं. साध्या च्युइंगमसारखा चघळला तर उचकी, मळमळ, छातीत जळजळ होते आणि तलफ तशीच राहते. दुसरी गोम चहाची. चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबूसरबत यांनी तोंड आंबट झालं की निकोटीन शोषलं जात नाही. पंधरा मिनिटं आधी आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याखेरीज काही नको. आणि आपण काय करतो? चहाबरोबरची सिगारेट गेली म्हणून नेमका चहाबरोबर गम तोंडात टाकतो. चहा आधी संपवा, चूळ भरा, थांबा, मग गम. कवळी असेल तर गम चिकटतो. अशांनी निकोटीनची चघळायची गोळी किंवा कातडीवर चिकटवायची पट्टी घ्यावी.

पट्टी २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमची येते. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना सहसा २१ ची सहा आठवडे, १४ ची दोन, ७ ची दोन. रोज सकाळी दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर, दररोज जागा बदलून. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढून ठेवा. तालुक्याच्या ठिकाणी पट्टी मागवून घ्यावी लागते, त्यात काही दिवस जातात, म्हणून तारखेच्या बऱ्याच आधी सांगून ठेवा. पट्टी दिवसभराचा पाया धरते आणि अचानक उठलेल्या तलफेला गम कामी येतो. दोन्ही मिळून घेतलं तर एकट्यादुकट्यापेक्षा यश जास्त, हे बऱ्याच चाचण्यांतून दिसलेलं आहे. डॉक्टरांशी बोलून हाच मार्ग धरावा, असं मला वाटतं.

निकोटीन नसलेल्या गोळ्या दोन आहेत, दोन्ही चिठ्ठीवरच. ब्युप्रोपिऑन १५० मिलिग्रॅम पहिले तीन दिवस एक, मग दोन, आणि ती तारखेच्या आठवडा-दोन आठवडे आधी सुरू होते. दोन गोळ्यांमध्ये आठ तासांचं अंतर हवं. दुसरी उशिरा घेतली तर झोप उडते. फिट येत असतील किंवा पूर्वी आली असेल तर ती अजिबात नको, म्हणून लहानपणी आलेली फिटही डॉक्टरांना सांगा. व्हॅरेनिक्लिन तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, मग चार दिवस अर्धा दोनदा, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा आणि एकूण बारा आठवडे. आठवा दिवस हाच सोडायचा दिवस. मळमळ ही तिची मुख्य तक्रार. पोटभर जेवून, पेलाभर पाण्याबरोबर घेतली की कमी होते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तिचा डोस बदलतो.

एक गोष्ट मात्र फार कमी ठिकाणी सांगितली जाते. सिगारेटच्या धुरामुळं यकृत काही औषधं भराभर मोडतं. धूर थांबला की हा वेग उतरतो आणि औषध रक्तात जास्त साठतं. दम्यासाठी थिओफायलिनच्या गोळ्या, मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेत असाल, तर सोडायची तारीख त्या डॉक्टरांनाही कळवा, डोस कमी करावा लागू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी. कॅफिनचंही तसंच होतं. तेवढेच कप चहा-कॉफी चालू ठेवली तर रक्तात ते जवळजवळ दुप्पट होतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जागं राहणं हे सगळं ‘सिगारेट सोडल्याचा त्रास’ म्हणून खपून जातं. प्रत्यक्षात निम्मा दोष चहाचा असतो. ठरल्या दिवसापासून चहा निम्मा करा.

मग तो दिवस उजाडतो. मी सोमवार धरला होता. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोनसेवा सोमवारी बंद असते हे तेव्हा ध्यानात आलं नाही; तुम्ही मंगळवार धरा. नंबर पाकिटावरच छापलेला असतो: १८००-११-२३५६, फुकट, सकाळी ८ ते रात्री ८. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ही सेवा सुरू झाली. आधी फोन करून ठेवला तर ठरल्या तारखेनंतर तेच उलट फोन करून विचारतात. दवाखान्याची फेरी जमणार नसेल त्यांना पाठपुराव्याचा हाच सोपा मार्ग.

पहिल्या दिवसभरात रक्तातला कार्बन मोनॉक्साइड बराचसा निघून जातो, पण तसं काही जाणवत नाही. जाणवतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तोच कळस. डोकं जड, कुणी ‘काय झालं?’ विचारलं तरी राग, कामात लक्ष नाही, भूक दुप्पट. घरच्यांना आधीच सांगून ठेवलं असेल तर तो राग पोटात घालतात. तलफ उठते ती काही मिनिटं टिकते आणि ओसरते. कायम चढत जात नाही. त्या वेळी जागा सोडा, गार पाणी प्या, चार मजले उतरून चढा, कुणाला तरी फोन लावा. तोंडात ठेवायला बडीशेप, लवंग, वेलदोडा, भाजलेला ओवा, गाजराचे तुकडे. सुपारी नको. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू नसली तरी. आणि तंबाखू मळणं, मिश्री, गुटखा यांवर सरकणं म्हणजे निकोटीनचं दुकान तेच, फक्त दार बदललं. ई-सिगारेटवर तर देशात २०१९ पासून बंदीच आहे.

पहिल्या आठवड्यातले आणखी दोन त्रास कुणी सांगत नाही म्हणून लोक घाबरतात. कोठा बांधतो, निकोटीननं आतडी हलायची, ती सुस्तावतात. रात्री इसबगोल आणि दिवसा भरपूर पाणी घेतलं की आठ-दहा दिवसांत ठीक होतं. आणि तोंड येतं. तोंडातले हे फोड गमचे समजून लोक गम बंद करतात. ते गम न घेणाऱ्यांनाही येतात आणि आपसूक बरे होतात.

पहिले दोन आठवडे एक झुरकासुद्धा नाही, हा नियम कडक आहे आणि तो नैतिकतेचा नाही. पट्टी लावून सोडलेल्यांच्या अभ्यासांत दिसलं की या दोन आठवड्यांत ज्यांनी थोडीशीही ओढली, त्यांच्यातले बहुतेक सहा महिन्यांनी पूर्ववत ओढत होते. म्हणून फेरतपासणी आठवड्याच्या आत हवी. माझ्या फेरतपासणीच्या दिवशी समुपदेशक रजेवर होते. रजिस्टरमध्ये नोंद करायला सिस्टर तयार नव्हत्या, ‘पुढच्या वारी या’ म्हणाल्या. असं झालं तर परत फिरू नका. ओपीडीतल्या कुठल्याही डॉक्टरकडून केसपेपरवर ‘सिगारेट बंद आहे, गम चालू’ एवढं लिहून घ्या आणि संध्याकाळी फोनसेवेला फोन करा. कुणीतरी विचारलं पाहिजे, एवढंच महत्त्वाचं. कुणी विचारलं याला फारसं महत्त्व नाही.

घरात दुसरं कुणी ओढत असेल तर दोघांची तारीख एकच ठेवा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या लोकांच्या अनेक दशकांच्या नोंदींवरून २००८ मध्ये दिसलं की नवरा-बायकोपैकी एकानं सोडली की दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते. मित्रानं सोडली तर ३६, लहान कचेरीतल्या सहकाऱ्यानं सोडली तर ३४. उलट बाजूही तितकीच खरी: चौघं ओढणारे आणि एक सोडलेला, असा गट शनिवारी ‘बसला’ की दुसऱ्या पेगला सोडलेल्याचा हात पाकिटाकडं जातो. पहिला महिनाभर बसणं बंद. मित्रांना कारण सांगायची लाज वाटत असेल तर ‘डॉक्टरनं गोळ्या दिल्यात’ म्हणा, आणि ते खोटंही नाही.

महिन्याभरानं तलफा विरळ होतात आणि वजन चढायला लागतं. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. काहींचं अजिबात वाढत नाही, काहींचं दहाच्या पुढं जातं. या काळात कडक डाएट सुरू करू नका. भूक आणि तलफ एकाच वेळी मारायला गेलं की दोन्ही जिंकतात. संध्याकाळी जेवणानंतरची सिगारेट गेली त्या जागी अर्धा तास चालणं घातलं तरी पुरे. मन मात्र जपा. उदासी दोन आठवड्यांच्या पुढं रेंगाळली, झोप-भूक पार गेली, जीव नकोसा वाटला, तर सिगारेटचं म्हणून सोडून देऊ नका, त्याच दवाखान्यात मानसिक आरोग्याचं विचारा. ज्यांना आधीपासून नैराश्य आहे त्यांची सिगारेट सुटू शकते, फक्त दोन्हींचे उपचार बरोबरीनं चालावे लागतात.

तिसऱ्या महिन्यात गमची फसगत होते. बरं वाटतंय म्हणून लोक आठव्या आठवड्यातच बंद करतात. बारा आठवडे पूर्ण करा, आणि शेवटच्या टप्प्यात गम अर्धा करून वापरला तरी चालतो. गमची सवय लागेल म्हणून घाबरणाऱ्यांची संख्या खरोखर सवय लागणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. गममधून निकोटीन हळूहळू येतं, सिगारेटचं दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. सवय लावतो तो हा वेग. खिशात गमचं एक पाकीट मात्र पुढंही राहू द्या. मयत, अपघात, नोकरीतला झगडा असल्या दिवशी महिन्यांनी झोपलेली तलफ एकदम उठते.

नंतरच्या तपासण्या तीन, सहा आणि बारा महिन्यांवर. त्यात बीपी, शुगर, वजन होतं आणि एक प्रश्न: ‘मधे कधी एखादी?’ उत्तर ‘हो’ असेल तरी केंद्रातून हाकलत नाहीत. एखादी झाली तर औषध थांबवायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा आणि ती कुठं, कुणाबरोबर, कशानंतर झाली हे लिहून ठेवायचं. पूर्ववत सुरूच झाली असेल तर जुना केसपेपर घेऊन जा, नवा काढू नका. मागच्या वेळी किती मिलिग्रॅम दिलं, दिवसाला किती गम लागले, कितव्या आठवड्यात बंद केले, हे त्यावर असतं, आणि पुढच्या वेळचा डोस डॉक्टरांना त्यावरूनच वाढवता येतो.